हुपरीला एक कुंदणगार हवा

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत गल्लोगल्ली चांदी घडते. पैंजण, तोरड्या, वाळे, छुमछुम, जोडवी, मासोळ्या, कमरपट्टे, करदोडे असा माल इथून देशभरच्या सराफ पेठांत जातो. परराज्यातल्या एखाद्या नव्या नवरीच्या पायांत तो वाजतो, तेव्हा तो कोणी घडवला हे तिला ठाऊक नसतं, विकणाऱ्यालाही बहुधा नसतं. पण निनावी असणं हे या मालाचं एकच दुखणं नव्हे. नक्षी जुनी झाली, कड्या झिजल्या, घरात पैशाची नड आली किंवा चांदीचा भाव चढला, की जोड मोडीत निघतो. घडणावळ वजा होते, घट वजा होते, उरलेल्या वजनाचे पैसे हातावर पडतात आणि पैंजण पुन्हा मुशीत जातं. दगडाची मूर्ती भंगली तरी दगड उरतो आणि भंगलेपणासकट काही सांगतो. मातीचं खापर फेकून देतात, म्हणूनच ते हजार वर्षं टिकतं. चांदीला मात्र तिची किंमतच मारक ठरते. जुना दागिना हाच नव्या दागिन्याचा कच्चा माल असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चांदी घडवणाऱ्या गावात पणजोबांच्या हातची चांदी शोधायला गेलं, तर ती सापडणं मुश्कील.

वारसा जपायचा म्हटलं की आपल्याकडे काचेचं कपाट आणि त्यात मांडलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. हुपरीसारख्या गावाला हा मार्ग जवळजवळ बंद आहे. इथे वस्तू टिकत नाही. टिकू शकते ती तिची नोंद. कोणी घडवली, कशी घडवली, कोणत्या ठशावर, सांध्याच्या कोणत्या डागाने, कोणत्या सालात, याची नोंद. कोल्हापूरच्या मातीतून निघालेल्या धातूच्या आणि काचेच्या वस्तूंचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं की त्या बोलू लागल्या त्या अशा नोंदींमुळेच, आणि जिथे नोंद अपुरी राहिली तिथे त्या अजून अर्धवट मुक्या आहेत. नोंदी करणारी माणसं कोण होती हे पाहणं म्हणूनच हुपरीच्या कामाचं आहे. त्यातली बरीच आज विस्मरणात गेली आहेत. त्यांच्यापैकी एकाचं नाव शीर्षकात घेतलं आहे. पण त्याच्याकडे येण्याआधी चांदीचंच एक उदाहरण पाहू.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं नव्याने ठोकलेली होती. नहपानाचा चेहरा आणि अक्षरं खाली, त्यावर चैत्य आणि उज्जैन चिन्ह. हा साठा अभ्यासून त्याचं वर्णन छापलं ते रेव्हरंड स्कॉट नावाच्या एका मिशनऱ्याने, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला ही गोष्ट नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत प्रशस्तीच्या भाषेत होतीच. प्रशस्तीत अतिशयोक्ती असू शकते. ठशावर ठसा असलेलं नाणं मात्र कोण आधी आणि कोण नंतर हे वादाला जागा न ठेवता सांगतं. यात धातूकाम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. गौतमीपुत्राच्या टांकसाळीने ही चांदी आटवून नवी नाणी पाडली असती, तर व्यवहाराच्या दृष्टीने काही बिघडलं नसतं आणि इतिहासाच्या दृष्टीने सगळंच पुसलं गेलं असतं. घाईपोटी असो की जिंकल्याची जाहिरात म्हणून असो, त्यांनी आटणी टाळली. आज सातवाहनांच्या काळाचं गणित मांडताना या साठ्याचा आधार सुटत नाही.

कोल्हापूरच्या परिसरातही असाच एक ठशांचा पुरावा आहे, फक्त तो चांदीचा नसून शिशाचा आणि मिश्र धातूचा आहे. धनुष्यबाणाचं चिन्ह असलेली ही नाणी कुर राजांची. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर अशी आईच्या गोत्रावरून ओळख सांगणारी नावं त्यांवर आहेत. या राजांची वंशावळ कुठल्या पुराणात सांगितलेली नाही. पण सिवलकुराचा ठसा वासिठीपुताच्या नाण्यावर बसलेला दिसतो आणि गोतमिपुताचा ठसा आधीच्या दोघांच्याही नाण्यांवर. एवढ्यावरून तीन राजांचा क्रम लागला. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात हिप्पोकुरा नगराचा राजा म्हणून बालेओकुरोस हे नाव येतं. विद्वानांनी त्याची सांगड विळिवायकुराशी घातली. अलेक्झांड्रियात बसून लिहिणाऱ्या भूगोलकाराच्या कानावर गेलेल्या एका नावाला इथल्या शिशाच्या तुकड्यांनी आधार दिला.

कोल्हापूरच्या या प्राचीन अवशेषांकडे ज्यांनी सुरुवातीलाच शास्त्रीय नजरेने पाहिलं, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांचं नाव अग्रभागी आहे. जुनागढचा हा माणूस कोणत्याही विद्यापीठात शिकला नव्हता. गिरनारच्या पायथ्याचा अशोकाचा लेख वाचण्याच्या ध्यासातून त्याने ब्राह्मी आत्मसात केली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं. नेपाळमधल्या लेखांवरचं त्यांचं लेखन गुजरातीत होतं आणि ते ब्यूलर यांनी इंग्रजीत आणलं. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात एका स्तूपाचे अवशेष निघाले आणि त्यात अस्थिधातू ठेवण्याची दगडी पेटी मिळाली. पेटीच्या झाकणावर ब्राह्मीत अवघी एक ओळ आहे. तिचा अर्थ असा: हे दान बम्हाचं, धमगुताने करविलेलं. भगवानलालांनी हे अवशेष प्रसिद्ध केले. दात्याबरोबर काम करवून घेणाऱ्याचंही नाव कोरलेलं असणं ही साधी गोष्ट नव्हे. कित्येक लेखांत दाता एवढाच असतो. तरीही इथे थोडं थांबायला हवं. लेखात क्रियापद प्रयोजक आहे. धमगुताने ती पेटी करवली, म्हणजे छिन्नी त्याच्याच हातात होती असं ठामपणे म्हणता येत नाही. देणारा कळला, करवून घेणारा कळला. घडवणारा कदाचित याही ओळीच्या बाहेरच राहिला.

भगवानलालांचं मोठेपण लेख वाचण्यापुरतं नव्हतं. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा दगडी मंजूषेत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ लहान बुद्धमूर्ती, आणि करंडकाच्या आत एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक निघाले. कोणता कशात होता आणि भोवती काय होतं, याचा क्रम त्यांनी नोंदवून ठेवला. हे पाच करंडक कोणी बाहेर काढून सुटे सुटे विकले असते, तर आज पाच संग्रहालयांत पाच सुंदर डब्या असत्या आणि सोपाऱ्याच्या श्रद्धेविषयी आपल्याला फारच थोडं ठाऊक असतं. सोनं बाहेर आलं की भोवतालचं भान सुटतं, हा सगळ्या खजिन्यांचा शाप आहे. सोपारं त्यातून सुटलं ते एका माणसाच्या शिस्तीमुळे.

आता कुंदणगार. प्रा. के. जी. कुंदणगार मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक भागातले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक. पुरातत्त्व हा त्यांचा पेशा नव्हता. पण करवीर संस्थानात शिलाहारांचे आणि इतरांचे कितीतरी शिलालेख हळेकन्नडात आहेत. देवळांच्या भिंतींत, वेशीपाशी, बस्तींत, शेताच्या बांधावर ते पडून होते आणि मराठी वाचकाला ते वाचता येत नव्हते. कुंदणगारांनी ते गोळा केले, वाचले आणि उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थानातल्या कोरीव लेखांचा संग्रह १९३९ मध्ये कोल्हापुरातून प्रसिद्ध केला. शिलाहारांच्या काळाचा पट पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९७७च्या ग्रंथात एकत्र मांडला. त्यात हुपरीच्याच तालुक्यातल्या हेर्ले गावचा शके १०४०चा, म्हणजे इसवी सन १११८च्या सुमाराचा, गंडरादित्याच्या कारकिर्दीतला लेखही आहे. अशा मोठ्या ग्रंथांच्या पायात कुंदणगारांसारख्यांची गावोगाव फिरून केलेली वाचनं असतात. व्यापाऱ्यांच्या संघांनी कोणत्या मालावर किती दान लावून दिलं, कोणत्या बाजारपेठांतून लोक जमले, असा आर्थिक तपशील या लेखांत येतो. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या व्यापाराचा इतिहास लिहायचा तर या हळेकन्नड ओळींशिवाय गत्यंतर नाही.

याच कुंदणगारांनी १९४४-४५च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर खोदकाम केलं आणि त्यात तांब्या-कांशाच्या वस्तूंचा एक साठा हाती आला. त्यातली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आज जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. रोमन घडणीचं सुरईसारखं पात्र, पर्सियस आणि अँड्रोमेडाच्या कथेचं चित्र असलेली तबकडी, आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांची इवलीशी देशी मूर्ती, हे सगळं तिथलंच. या शोधाने डेक्कन कॉलेजला ब्रह्मपुरीकडे खेचलं; १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रोक्त उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये आला. १९४६ मध्ये कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय सुरू झालं ते मुख्यतः याच वस्तूंच्या बळावर. नंतर ते टाऊन हॉलच्या इमारतीत गेलं. कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली ‘ललित कला’मध्ये या धातूच्या वस्तूंचा परामर्श घेतला, तेव्हा लेखाच्या नावातच त्याला कुंदणगारांचा साठा म्हटलं. जगाच्या अभ्यासविश्वात नाव असं रुजलं. कोल्हापुरात ते किती जणांना सांगता येईल, हा वेगळा प्रश्न आहे. १९६१ साली गदगला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. कन्नड जगाने त्यांना आपलं म्हटलं. मराठी जगाने मात्र, ज्या संस्थानात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तिथल्या इतिहासाचा हा धनको कोण हे फारसं विचारलं नाही. सीमावादाच्या गदारोळात दोन्ही भाषांत सहज वावरणारी माणसं दोन्हीकडून निसटतात. राजाराम कॉलेजातच त्यांच्या सोबतीला आणखी एक असे गृहस्थ होते: हुपरीपासून फार लांब नसलेल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये. प्राकृत आणि जैन वाङ्मयाच्या संपादनात त्यांचा अधिकार जगाने मानला, आणि मराठी वाचकाला ते अजूनही नीट माहीत नाहीत.

कुंदणगारांवर एक आक्षेप घेता येतो आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. भाषेच्या प्राध्यापकाने टेकाड खणलं, साठा बाहेर काढला. पण पुरातत्त्वाला हवी तशी थराथरांची, खोलीची, शेजारच्या वस्तूंची नोंद राहिली नाही. त्यामुळे साठ्यातल्या सगळ्या वस्तू एकाच काळातल्या की वेगवेगळ्या, यावर तज्ज्ञांचं एकमत होत नाही. कुणा श्रीमंत व्यापाऱ्याने संकटात पुरून ठेवलेल्या या वस्तू होत्या, की एखाद्या तांबटाने आटवायला म्हणून जमवलेला मोडीचा माल होता? थर नेमके टिपले असते तर या प्रश्नाचं उत्तर कदाचित मिळालं असतं. दुसरी शक्यता हुपरीच्या माणसाला चटकन पटेल. पोसायडनही मुशीच्या वाटेवरच होता असं म्हणायला वाव आहे. हा सगळा दोष मान्य करूनही मी कुंदणगारांच्या बाजूने उभा राहीन, आणि कारण भावनिक नाही. ब्रह्मपुरी हे वस्तीचं टेकाड आहे. आज त्यावर घरं आहेत. १९४४ साली हा प्राध्यापक तिथे गेला नसता आणि आणखी दहा-वीस वर्षं कोणी फिरकलं नसतं, तर सांकळिया-दीक्षितांना खणायला मोकळी जागा कितपत उरली असती? अपुरी नोंद करणाऱ्याची तुलना आपण आदर्श नोंद करणाऱ्याशी करतो. त्या घटकेला तिथे दुसरं कोणी नव्हतं, हे विसरतो. शिवाय त्याने साठा फोडला नाही, वाटला नाही, विकला नाही, एकत्र ठेवला. आज त्या वस्तूंविषयी वाद घालता येतो, तो वाद घालायला त्या एका ठिकाणी आहेत म्हणून.

ब्रह्मपुरीच्या दुसऱ्या नायकाकडे हुपरीने अधिक बारकाईने पाहावं असं मला वाटतं. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा जीव मणी आणि काच यांत गुंतला होता. सांकळियांची कीर्ती मोठी, त्यांच्या सावलीत दीक्षित थोडे झाकले गेले. पण त्यांचा प्रश्न विचारण्याचा ढंग वेगळा होता. सुंदर मणी समोर आला की तो कोणत्या शतकातला याबरोबर ते विचारत, हा केला कसा? काचेची नळी ओढून तुकडे पाडले, की सळईभोवती वितळलेली काच गुंडाळली, की साच्यात दाबली? भोकाच्या कडा, आतले बुडबुडे, पृष्ठभागावरच्या रेषा यांतून ते उत्तर काढत. ब्रह्मपुरीत सातवाहनांच्या थरांत विटांची आणि कौलांची घरं मिळाली, तशीच वरच्या बहमनी काळातल्या थरांत रंगीत काचेच्या बांगड्या मिळाल्या. बांगड्या ही इतिहासाच्या पुस्तकांत सहसा न बसणारी गोष्ट. दीक्षितांना ती कारागिराच्या हुन्नराची साक्ष वाटली. १९४९ मध्ये त्यांनी भारतातल्या नक्षीदार मण्यांवर पुस्तक लिहिलं. मुंबई विद्यापीठात त्यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर व्याख्यानं दिली ती पंडित भगवानलाल इंद्रजींच्या नावाच्या व्याख्यानमालेत, आणि १९६९ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. स्वतः शिकलेल्या एका पंडिताच्या नावाने चालणाऱ्या मालेत काच कशी करतात यावर बोललं जावं, हा योग चांगला जुळला.

त्या नक्षीदार मण्यांचंच पाहा. लाल अकीकाच्या मण्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी असते; सिंधू संस्कृतीपासून ही कला चालत आली. ती रेघ रंगाची नाही, कोरलेलीही नाही. मग कशाची? याचं उत्तर कोणत्याही प्राचीन ग्रंथातून मिळालं नाही. सिंधमधल्या सेहवान गावी ही कला अवगत असलेले कारागीर होते. १८५७ मध्ये बेलासिस नावाच्या गृहस्थांनी त्यांची कृती टिपली, आणि १९३०च्या दशकात मोहेंजोदडोचे उत्खनक अर्नेस्ट मॅके यांनी एका म्हाताऱ्या कारागिराकडून ती पुन्हा प्रत्यक्ष करवून पाहिली. धुण्याचा सोडा आणि एका झुडपाचा रस यांचं मिश्रण बोरूने मण्यावर ओढायचं, वाळवायचं, निखाऱ्यात तापवायचं. क्षार दगडात शिरून पांढरी रेघ कायमची उमटते. चार हजार वर्षांपूर्वीचं तंत्र एका जिवंत म्हाताऱ्याने उलगडून दाखवलं. तो म्हातारा त्याआधी गेला असता, किंवा त्याला कोणी विचारलंच नसतं, तर प्रयोगशाळांना तर्कांवर तर्क लढवावे लागले असते. आमच्या पुरातत्त्वाला कारागिराची गरज असते ती अशी. मजुरासारखी नव्हे, साक्षीदारासारखी.

हुपरी आज अशी साक्ष देऊ शकते. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते; ती मऊ असते, म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. शेकडा ७२ चांदी आणि २८ तांबं या प्रमाणात मिश्रण केलं, तर ते ७८० अंशांच्या आसपासच वितळतं. दागिन्याचे दोन भाग जोडायला जो डाग वापरतात त्याचं सगळं शास्त्र या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे: डाग वितळला पाहिजे आणि कडी वितळता कामा नये. पितळ मिसळून डाग आणखी लवकर वितळणारा करतात. सवागी, म्हणजे टाकणखार, लावल्याने धातूवर मळ धरत नाही आणि डाग सांध्यात पसरतो. पुस्तकातली आकडेवारी ही एवढी. पण कोणत्या पैंजणाला कोणत्या प्रमाणाचा डाग, ज्योत कुठून द्यायची, कोणत्या रंगाला हात मागे घ्यायचा, हे पुस्तकात नाही. ते जोडकाम करणाऱ्याच्या डोळ्यांत आणि मनगटात आहे. साखळी विणणारी यंत्रं आल्यापासून त्या डोळ्यांची आणि मनगटांची गरज दर वर्षी थोडी कमी होते. त्याच बरोबर जुन्या हत्यारांची गत दागिन्यांसारखीच होते. नक्षीचे जुने ठसे आणि डाय गंजून भंगारात जातात. कुर राजांचा क्रम ज्या पुराव्याने लागला, म्हणजे कोणता ठसा कोणत्या ठशानंतर आला, तोच पुरावा आपण किलोवर विकतो आहोत.

यावर पहिली हरकत येईल ती अशी: हुपरीचा धंदा जिवंत आहे, मग स्मारकं कशाला? संग्रहालय मेलेल्या गोष्टींचं असतं. या हरकतीत एक खोच आहे आणि एक गफलतही. धंदा जिवंत राहतो, तंत्र मरतं. हे एकाच वेळी, एकाच घरात घडू शकतं. सराफाच्या पेढीवर गर्दी कायम असताना हाताने तार ओढणारा शेवटचा माणूस निवृत्त होऊ शकतो, आणि उलाढालीच्या आकड्यांत त्याची खबर लागत नाही. नोंद करायची ती धंदा संपल्यावर नव्हे, कारण तेव्हा विचारायला कोणी नसतं.

दुसरी हरकत अधिक खरी आहे: गुपित. नवी नक्षी बाजारात आली की आठवड्याभरात तिची नक्कल होते. राजकोट, आग्रा, सेलम अशी चांदीची इतर केंद्रं टपलेलीच असतात. मग कोण आपला डागाचा भाग आणि ठशाचा नमुना कुणाला लिहून देईल? हे भय समजण्यासारखं आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. चालू हंगामातली नक्षी हे व्यापाराचं भांडवल. तिला २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करून दहा वर्षांचं, आणि पुढे आणखी पाच वर्षांचं संरक्षण घेता येतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा ठसा हे भांडवल उरलेलं नाही, तो फक्त पुरावा आहे. पहिल्याला कुलूप लावा, दुसऱ्याची नोंद करा. शिवाय भौगोलिक निर्देशाच्या अर्जाचा विषय निघतो तेव्हा, माल या गावचाच आहे आणि इथे तो किती काळ घडतो आहे, याचे ऐतिहासिक दाखले मागितले जातात. कोल्हापूरच्या गुळालाही आणि कोल्हापुरी चपलेलाही हा मार्ग चालावा लागला. जुन्या चोपड्या, घडणावळीच्या वह्या, तारखेसह ठशांचे छाप ज्या गावाकडे आहेत, त्याची बाजू कायद्यातही भक्कम. गुपित राखण्याच्या नादात जो पुरावाच ठेवत नाही, त्याला नक्कल करणाऱ्याला खोटं पाडायलाही काही उरत नाही.

तिसरी हरकत अभ्यासकांची: ब्रह्मपुरीचं कांसं आणि हुपरीची चांदी यांच्यात वंशपरंपरा जोडणं हा भाबडा अभिमान आहे. बरोबर आहे, आणि मी ती जोडत नाही. मधल्या सतराशे-अठराशे वर्षांत सलग धागा दाखवणारा पुरावा नाही आणि गावाच्या गौरवासाठी तो निर्माण करण्याचं कारण नाही. आपल्याकडे स्थानिक इतिहास म्हटलं की दोन पिढ्यांच्या आठवणीवर दोन हजार वर्षांचा इमला चढवायची खोड आहे. तिने खऱ्या नोंदीही संशयास्पद होतात. जोडणी आहे ती पद्धतीची. सेहवानच्या म्हाताऱ्याचा मोहेंजोदडोशी रक्ताचा संबंध सिद्ध करावा लागला नाही. त्याची कृती मण्याशी जुळली, एवढं पुरलं.

मग हे करणार कोण? सरकार, विद्यापीठ, पुरातत्त्व खातं ही नेहमीची उत्तरं आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, त्याने हात घातला तर उत्तमच. पण महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की सुरुवात सहसा दुसरीकडून होते. तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी, पुरातत्त्वाची पदवी घेतलेले गृहस्थ नव्हते. गावाच्या टेकाडांवर पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू त्यांनी जमवल्या, आणि आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या अशा घरच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये संग्रह शासनाच्या हवाली केला. या यादीत एक व्यापारी आहे, एक संग्राहक, एक भाषेचा प्राध्यापक आणि एक विद्यापीठात न शिकलेला पंडित. हुपरीत शाळा आहेत, ग्रंथालयं आहेत, चांदी कारखानदारांचं संघटन आहे. हाताशी कॅमेरा असलेला फोन तर घरोघर आहे. कुंदणगारांकडे यातलं बरंच काही नव्हतं.

खरी अडचण नावांची येईल. पैंजणाचा एक जोड एका माणसाच्या हातून पुरा होत नाही. आटणी करणारा वेगळा, पट्टा आणि तार काढणारा वेगळा, कड्या पाडणारा, ठसे मारणारा, डाग देणारा, घासणारा, मीना भरणारा, धुलाई आणि पॉलिश करणारा, प्रत्येक जण वेगळा. कड्या जोडण्याचं आणि घुंगरू ओवण्याचं काम मोठ्या प्रमाणात घरी बसून बायका करतात, नगावर किंवा वजनावर मजुरी घेऊन, आणि पेढीच्या वहीत बहुधा त्यांच्या कामाचा आकडा असतो, नाव नसतं. कारखान्याचा केर चाळून त्यातली चांदी काढणारा झारेकरी तर कोणत्याच पाटीवर येत नाही. मालकाचं एकट्याचं नाव घालून नोंदवही सुरू झाली तर ती धमगुताच्या ओळीइतकीच सांगेल: कोणी करवून घेतलं ते. म्हणून वहीत प्रत्येक टप्प्याला वेगळा रकाना आखावा लागेल, आणि डाग देणाऱ्याच्या आधी त्याच्या शेजारी बसून कड्या ओवणारीला विचारावं लागेल. कोणत्या नमुन्याच्या कडीला किती वेळ लागतो, कोणती नक्षी कोणत्या सालापासून बंद पडली, हे तिला मालकापेक्षा नेमकं सांगता येतं, कारण तिची मजुरी त्यावर ठरत आलेली आहे.